दहा तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या नऊमजली इमारतीची लिफ्ट
दहा तेत्रीचं नाणं गिळल्याशिवाय वर जात नाही.
दुसऱ्या वर्षाची फिल्म मी तिच्यातच केली.
अकरा दिवस. कोपऱ्यात कॅमेरा,
माझ्या पाठीला पाठ लावून माइकची काठी धरलेला बेसो,
त्याच्या जॅकेटला कांद्याचा वास.
बादलीभर द्राक्षं आली, एक गादी आली,
भांडत चढलेलं जोडपं सहाव्याला गुपचूप उतरलं.
आणि रोज सकाळी आठला सातव्या मजल्यावरचे शाल्वा काका,
काखेत गरम पाव, त्याचं टोक वाटेतच खाल्लेलं,
नाण्यासाठी खिसे चाचपत
कॅमेऱ्याशी बोलायचे. माझ्याशी नव्हे.

लहानपणी बाजारातल्या चोरट्या डिस्कवर
सगळ्यांचे संवाद एकच माणूस बोलायचा,
सर्दी झालेला, घाईत असलेला.
तोच नायक, तोच खलनायक, तीच बाळंतीण,
विहिरीत पडलेलं पोरही तोच.
खालून मूळ आवाज पुसट यायचे,
भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखे.
मला बरीच वर्षं वाटे, मोठं झालं की
सगळे ह्याच आवाजात रडतात.

शाळेच्या तळघरात हिवाळ्यात हीटर बंद.
पडद्यावर वाळवंट, आमच्या तोंडातून वाफ.
पहिला मूकपट पाहताना मला झोप लागली,
खोटं कशाला बोलू.
जागी झाले तर एक बाई दारात उभी होती.
ती का उभी आहे ते मला माहीत नव्हतं,
म्हणूनच असेल, अजून उभी आहे.

एतेरी मॅडमनी माझी फिल्म पाहिली, चष्मा पुसला.
"हा पाववाला चाळीस सेकंद काय करतो?"
नाणं शोधतो.
"सापडतं?"
नाही. बेसो देतो.
"मग काढ."
काढलं. फिल्म घट्ट झाली.
टाळ्या मिळाल्या, कुताइसीहून एक प्रमाणपत्रही.

मार्चमध्ये शाल्वा काका गेले.
शवपेटी लिफ्टमध्ये आडवी मावेना,
उभी करायला लामारा काकू तयार होईनात.
सहा जणांनी जिन्यानं उतरवली,
आणि माझे मेले डोळे
प्रत्येक वळणावर कॅमेरा कुठे ठेवावा ते शोधत होते.

चाळिसावा झाल्यावर काकूंनी दार वाजवलं.
"तुझ्या पेटीत ते आहेत म्हणे."

टाकून दिलेल्यांत सापडला, टेक चौदा.
फोकस पावावर, चेहरा धुरकट,
आणि आवाज नाहीच.
बेसोनं त्या दिवशी बटणच दाबलं नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात अक्रोडाची टरफलं सारून
लॅपटॉप ठेवला. काका आले.
खिसा चाचपला, ओठ हलले.
मी माफी मागणार, तेवढ्यात
काकू बोलू लागल्या,
सपाट, घाईघाईत, चढ नाही की उतार नाही:
"होतं गं, इथेच होतं. बायको म्हणते खिसा शिवून घ्या.
टोक मी खाल्लं हे सांगू नकोस तिला."
चौकटीत बेसोचा हात आला, नाणं घेऊन.
तेही त्याच बोलल्या: "घ्या काका."
मग दार मिटलं, तर दाराचाही आवाज काढला.

"पुन्हा लाव."

सात वेळा लावलं.
दर वेळी काका काहीतरी वेगळं बोलले.
तिसऱ्यांदा ते डॉक्टरकडे जायला तयार झाले.
पाचव्यांदा त्यांनी कुणाची तरी क्षमा मागितली,
कशाबद्दल ते मी विचारलं नाही.
सातव्यांदा नुसतं, दूध संपलंय.

रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता.
हात दोनदा तिथवर गेला.

निघताना काकूंनी माझ्या मुठीत
एक नाणं कोंबलं, बोटं मिटवली.
"बेसोला दे," म्हणाल्या,
"उसनं आहे."